बार्बेक्यू घेताय? आधी झाकणाचं बोलू

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वर्कशॉपच्या दाराशी तीन-चार बार्बेक्यू परत येऊन उभे असतात. कुणाचा तळ परातीसारखा खोलगट झालेला, कुणाचा कोपऱ्यातला वेल्डिंगचा टाका उकललेला. ‘पत्रा हलका निघाला’ ही तक्रार ठरलेली. आम्ही एवढंच विचारतो, विझवला कसा? उत्तरही ठरलेलं असतं. जेवणं आटपली, रात्रीचा एक वाजला, निखारे अजून फुललेले होते, वारा सुटला होता, म्हणून बादलीभर पाणी ओतलं.

शेकडा नव्वद दुरुस्त्या अशाच, असा आकडा आम्ही छापणार नाही, कारण मोजून ठेवलेलं नाही. पण मोफत बदलून द्या म्हणणाऱ्यांशी होणारी सगळी वादावादी या बादलीपाशीच येऊन थांबते. म्हणून हे माहितीपत्रक. नवीन घेणाऱ्यांनी आणि आधी घेतलेल्यांनीही एकदा वाचावं.

पाण्याने नेमकं काय होतं

तापलेला पत्रा फुगलेला असतो. त्यावर पाणी पडलं की जिथे पडलं तिथला भाग एका क्षणात आकसतो, शेजारचा तसाच फुगलेला राहतो. ही ओढाताण पत्रा वाकून सोसतो, आणि वाकायला जागा नसेल तर टाका सोडतो. 14 गेजचा, म्हणजे 2 मिलिमीटर जाड पत्राही दोन-चार वेळा सहन करेल, पाचव्यांदा नाही. शिवाय पाणी पडताच वाफेबरोबर गरम राख तोंडावर उसळते. उरलेली ओली राख तळाला चिकटून ओल धरते आणि आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या खाऱ्या हवेत पंधरा दिवसांत तळाला गंजाचे पापुद्रे सुटतात.

निखारा हवेवर जगतो. हवा बंद केली की तो आपोआप मरतो. झाकण लावा, हवेच्या खालची आणि वरची अशा दोन्ही झडपा बंद करा आणि झोपायला जा. सकाळी बार्बेक्यूचा डबा थंड असेल आणि न जळलेला कोळसा तसाच उरलेला असेल. तो चाळून ठेवा, पुढच्या वेळी नव्या कोळशापेक्षा लवकर पेटतो. राख मात्र दुसऱ्या दिवशीही पूर्ण थंड झाल्याची खात्री केल्याशिवाय केराच्या पिशवीत टाकू नका, आत एखादा खडा जिवंत असू शकतो.

काही गिऱ्हाईकं तोंडावर म्हणतात, तुम्हाला झाकण विकायचंय म्हणून सांगता. झाकणाचे जादा पैसे आम्ही घेतो, हे खरंच आहे. पण ज्याला परवडत नाही त्यालाही आम्ही उपाय सांगतो. घट्ट झाकणाचा जुना पत्र्याचा डबा घ्या, चिमट्याने निखारे त्यात उचलून टाका, झाकण दाबा आणि डबा विटांवर ठेवा. तेवढंही जमत नसेल तर कोरडी रेती पसरा. पाणी नको.

पैसे मोजके असतील तर कशावर घालावेत

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: ‘वीस माणसं होतात, मोठ्यात मोठा किती इंची आहे?’ आमचं म्हणणं असं की मोजके पैसे लांबी-रुंदीवर घालू नयेत. आधी पत्र्याच्या जाडीवर घालावेत, मग झाकणावर, आणि उरले तर आकारावर.

24 × 14 इंची डब्यावर दोन-दोन इंचांवर बारा शिगा आडव्या बसतात. एका शिगेला सहा तुकडे धरले तर एका खेपेला बहात्तर तुकडे झाले. वीस माणसं एकदम ताट घेऊन बसत नाहीत, गप्पा मारत फिरत असतात. त्यांना हा डबा पुरतो आणि दोन-अडीच किलो कोळशात त्याचं काम भागतं. 36 इंची डबा चार माणसांसाठी पेटवायचा तरी कोळसा दुप्पट ओतावा लागतो, म्हणून तो पुढे वर्षभर गॅरेजमध्ये पडून राहतो.

आमच्याकडचे सध्याचे दर: 14 गेजचा 24 × 14 इंची डबा, सळईची जाळी आणि अँगलचे पाये धरून 3,800 रुपये. दोन झडपा आणि बिजागऱ्यांचं झाकण 1,700 रुपये जादा. हातात चारच हजार असतील तर 18 × 12 इंची झाकणासह घ्या. बिनझाकणाचा 30 इंची मागाल तर तो आम्ही बनवून देऊ, पण एकदा परत विचारू.

जाडी कशी ओळखायची

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 20 गेज म्हणजे भारी असं समजून बरेच जण फसतात. 14 गेज म्हणजे 2 मिलिमीटर, 16 गेज 1.6, आणि 20 गेज जेमतेम 0.9. वर रंग मारला की डोळ्यांना फरक कळत नाही. वजनकाटा मात्र फसत नाही. एक मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याचं वजन एका चौरस मीटरला 7.85 किलो भरतं. त्या हिशोबाने 24 × 14 इंची, 8 इंच खोल असा नुसता डबा, म्हणजे जाळी, पाये, झाकण सोडून, 14 गेजमध्ये साडेनऊ किलोच्या आसपास जायला हवा. 20 गेजमध्ये तोच साडेचार किलोच्या आत येतो. तुम्ही कुठूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण तोलून घ्या. आम्ही 16 गेजच्या खाली डबा बनवत नाही, त्यामुळे काही ऑर्डरी हातच्या जातात.

स्टेनलेस स्टीलबद्दल थोडक्यात. चुंबक चिकटत नाही म्हणजे 304 दर्जाचंच स्टील, असं नसतं. स्वस्तातल्या 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असल्यामुळे खाऱ्या हवेत त्यावर डाग लवकर पडतात. बजेट कमी असेल तर पातळ स्टेनलेसपेक्षा जाड लोखंड घ्या आणि त्याला बिडाच्या तव्यासारखं वागवा. वापर झाल्यावर कोमट असतानाच आतून खाण्याच्या तेलाचा बोळा फिरवायचा. पावसाळ्याआधी राख पूर्ण काढून, तेल लावून आत ठेवायचा.

‘आतून रंग का दिला नाही?’ असंही विचारतात. आतला रंग पहिल्याच जाळात जळतो आणि त्याचा धूर तुमच्या पनीरला लागतो. म्हणून आतून फक्त तेल. पहिल्यांदा आणाल तेव्हा तासभर रिकामाच पेटवा.

गंजू नये म्हणून कुणी कुंपणाची जीआय जाळी कापून वर टाकतात. कृपा करून टाकू नका. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त 419 अंश सेल्सिअसला वितळतं. पंख्याने फुललेला निखारा त्याच्या कितीतरी वर जातो. जीआय पाइपवर उघड्या नाकाने वेल्डिंग केलं की रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे कुठल्याही जुन्या वेल्डरला विचारा. ज्या धातूच्या वाफेने तो आजारी पडतो, त्यावर घरच्यांसाठी जेवण भाजू नये. आमची जाळी 8 मिलिमीटरच्या साध्या सळईची असते. ती गंजते, घासली की साफ होते.

झाकण फक्त विझवायला नाही

बांगडा, सुरमईची तुकडी, कणीस, पापड यांना झाकण लागत नाही. कोळशावर पांढुरकी राख चढली की थेट जाळीवर टाका. तिथपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढा धीर धरला नाही तर रॉकेलचा वास आणि काजळी दोन्ही खावं लागतं. पेटवायला सुकलेल्या नारळाच्या शेंड्या आणि दोन करवंट्या पुरतात, आणि त्या आपल्याकडे प्रत्येक परसात असतात.

चिकनच्या तंगडीचं तसं नाही. उघड्या निखाऱ्यावर ती बाहेरून जळते आणि हाडाशी कच्ची राहते. इथे आपल्याकडची मडक्यातली पोपटी आठवा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन भरतात, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. आतल्या शेंगेला जाळ कुठेच शिवत नाही, तरी ती शिजते, कारण कोंडलेली धग चहूबाजूंनी लागते. झाकणाचा बार्बेक्यू तेच करतो. निखारे डब्याच्या एका अर्ध्यात ओढा, तंगड्यांना त्यावर रंग आणा, मग त्या रिकाम्या अर्ध्यावर सरकवून झाकण लावा. हाडाजवळ टोचल्यावर रस स्वच्छ निघाला की झालं. आमची खालची झडप एका टोकाला आणि वरची मुद्दाम दुसऱ्या टोकाला असते, म्हणजे धूर मांसावरून फिरून बाहेर जातो.

त्यामुळे स्मोकर, म्हणजे धुरावर मंद शिजवायचा डबा, वेगळा घ्यावा का, याचं उत्तर पहिल्या वर्षी तरी नाही असंच आम्ही देतो. स्मोकरमध्ये शंभर-सव्वाशे अंशांची मंद धग तासन्‌तास सांभाळावी लागते आणि आपल्याकडे फार थोड्यांना तेवढा वेळ असतो. धुराचा वास हवा असेल तर शेवटी वाटीत निखारा ठेवून तुपाचा धुंगार द्या.

भंगारातलं 200 लिटरचं पिंप कापून स्मोकर बनवून द्या, अशी मागणी वरचेवर येते. पिंपात आधी काय होतं हे दुकानदार सांगू शकत नसेल तर आम्ही ते कापत नाही. रसायनाचं असेल तर कापतानाच भडका उडू शकतो, आणि आतला लेप तापल्यावर काय सोडेल याची खात्री देता येत नाही. स्वस्तात होतं हे मान्य आहे. तरीही नाही.

आणखी एक, हे जाड अक्षरांत: पेटलेला किंवा विझत आलेला बार्बेक्यू ऊब यावी म्हणून खोलीत, तंबूत किंवा काच लावलेल्या बाल्कनीत नेऊ नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. झाकण लावून विझायला ठेवलेला डबासुद्धा रात्रभर उघड्यावरच राहू द्या.

ऑर्डर देताना तीन गोष्टी सांगा: साधारण किती माणसं, मासे जास्त की चिकन, आणि बार्बेक्यू पावसाळ्यात कुठे ठेवणार. बनवायला आठ दिवस लागतात. 31 डिसेंबरसाठी हवा असेल तर 15 तारखेच्या आत सांगा, त्यानंतर आम्ही नाताळच्या गर्दीत नवीन काम घेत नाही. वाकलेला तळ बदलून देतो, त्याची मजुरी पत्र्याच्या वजनावर लागते. पाणी न ओतता वर्षाच्या आत टाका उकलला तर मोफत. डबा नेताना समोर तोलून घ्या, काटा दाराशीच ठेवलेला आहे.