सोळा ते अठरा वयोगटातील मुलांचा वाहन परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि पालकांचे दायित्व

दहावीचा निकाल लागला की क्लासला जाण्यासाठी अनेक घरांत मुलांच्या हाती स्कूटरची किल्ली दिली जाते, कारण सोळा वर्षे पूर्ण झाली की परवाना मिळतो असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 4 नुसार सोळाव्या वर्षानंतर केवळ 50 सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालवता येते. पेट्रोलवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक स्कूटर 100 सीसीच्या पुढच्या असल्याने हा परवाना खिशात असूनही त्या चालवणे बेकायदा ठरते. त्यांच्यासाठी, तसेच खासगी मोटारीसाठी, 18 वर्षे पूर्ण असावी लागतात.

शिकाऊ परवान्याचा अर्ज केंद्र सरकारच्या परवानाविषयक ‘सारथी’ पोर्टलवर भरावा. त्यासोबत वयाचा पुरावा (जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट), पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, स्वाक्षरी आणि नमुना 1 मधील शारीरिक क्षमतेचे स्वयंघोषणापत्र लागते. वाहनाच्या प्रत्येक वर्गासाठी 150 रुपये आणि चाचणीसाठी 50 रुपये शुल्क आहे. आधार क्रमांकाद्वारे ओळख पटवणाऱ्यांना महाराष्ट्रात ही चाचणी घरबसल्या देता येते. वाहतूक चिन्हे, अपघातप्रसंगीची कर्तव्ये, रेल्वे फाटकावरील दक्षता यांवरील ही प्रश्नोत्तरे मुलाने स्वतःच सोडवावीत; शेजारी बसून उत्तरे सांगणारे पालक त्याचे नुकसानच करतात.

अर्जदार अठरा वर्षांखालील असल्यास पालकांची लेखी संमती अनिवार्य आहे, आणि ही स्वाक्षरी करण्यापूर्वी 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 199अ प्रत्येक पालकाने वाचावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. अल्पवयीन व्यक्तीकडून या कायद्याखालील गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. वाहन पालकांच्या संमतीनेच वापरले गेले असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे पालकांनाच सिद्ध करावे लागते. मुलाकडे त्याच प्रकारच्या वाहनाचा वैध शिकाऊ वा पक्का परवाना असेल तरच या कलमातील पालकांच्या दायित्वाची तरतूद लागू होत नाही.

शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो. सरावाच्या काळात वाहनाच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षर लावावे लागते. मोटारीत पक्का परवाना असलेली शिकवणारी व्यक्ती वाहन थांबवता येईल अशा जागी बसलेली असावी, तर दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. मित्राला डबलसीट नेणे येथेच नियमबाह्य ठरते.

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. त्यासाठी पोर्टलवर वेळ निश्चित करून, त्याच वर्गाचे वाहन घेऊन आरटीओत जावे. वाहनाची नोंदणी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे सोबत असावीत. चाचणीत अनुत्तीर्ण झाल्यास सात दिवसांनंतर पुन्हा बसता येते, मात्र तीनदा अपयश आल्यास साठ दिवस थांबावे लागते आणि वाहनचालक प्रशिक्षण शाळेत सुधारणात्मक प्रशिक्षण घ्यावे लागते.