बेने इस्रायल समाज : सेवाकार्य आणि धर्मशिक्षण

महाराष्ट्रातील मराठी भाषक ज्यू समाज. मूळ वस्ती आजच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्याच्या किनारपट्टीत. अठराव्या शतकापासून मुंबईत आणि पुढे पुणे, ठाणे येथेही. नवगावजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी समाजाची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. केहीमकर, दिवेकर, पेणकर, अष्टमकर ही आडनावे कोकणातल्या गावांवरून आली आहेत.

ग्रंथ नव्हते, प्रार्थनालय नव्हते, अशा काळात धर्म टिकला तो घरातल्या सणांवर. त्यांची नावेही अस्सल कोकणी वळणाची : खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण. यांपैकी दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर (ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस). दिवसभर कडक उपास करून दार लावून घरात बसायचे. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि आप्तेष्टांच्या भेटी घ्यायच्या. आधी प्रायश्चित्त आणि लगोलग दान हा क्रम मुलांना कोणी वेगळा शिकवत नसे, दरवर्षी घरात पाहूनच तो अंगवळणी पडे. मलिद्याचेही तेच. पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे तबकात मांडून एलियाहू हनाबीची (संदेष्टा एलिया) स्तुती गातात. नवस फेडताना, लग्नात, नव्या घरात शिरताना मलिदा होतोच. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. नवस फेडायला लोक तिथेही जातात.

मुंबईतले पहिले प्रार्थनालय १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल (सामाजी हसाजी) दिवेकर यांनी उभारले. पद्धतशीर धर्मशिक्षण मात्र त्यानंतरचे. कोचीनचे ज्यू शिक्षक आले आणि मिशनऱ्यांनी शाळा काढल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, तो फारसा साधला नाही. मुले हिब्रू तेवढे शिकली आणि आपल्याच धर्माकडे अधिक डोळसपणे वळली. यातला उपरोध मिशनऱ्यांच्याही लक्षात आला असावा. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा निघाली. हग्गादा म्हणजे पेसाहच्या (वल्हांडण) रात्री घरी वाचायची पोथी. तिच्यातल्या चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत.

१८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. योसेफाला भावांनी विकले, मोशेने लोकांना मिसरातून बाहेर काढले, हे सारे टाळ-मृदंगाच्या साथीने, साकी-दिंडीच्या चालींवर. पूर्वरंग-उत्तररंग कानावरून गेलेल्या श्रोत्यांना ते परके वाटायचे कारणच नव्हते. ज्यांना पोथी वाचता येत नव्हती त्यांच्यापर्यंत, विशेषतः स्त्रिया आणि लहान मुलांपर्यंत, धर्मकथा पोहोचवण्यात छापील पुस्तकांपेक्षा कीर्तनाचा वाटा मोठा मानावा लागेल.

१८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी भावांच्या मदतीने मुंबईत इस्रायली शाळा काढली. इतर विषयांबरोबर तिथे हिब्रू शिकवत. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला अर्थसाहाय्य दिले. पुढे कदुरी या धनिक ज्यू घराण्याच्या देणगीनंतर माझगावची ही शाळा ‘सर एली कदुरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. स्त्रियांच्या पुढाकाराने १९१३ मध्ये स्त्री मंडळ स्थापन झाले. त्यामागे डॉ. जेरुशा झिराड होत्या. याच डॉ. झिराड पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या अधीक्षक झाल्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठ्या देणग्या मात्र प्रामुख्याने बगदादी ज्यूंकडून (इराककडून येऊन इथे स्थायिक झालेल्या ज्यूंकडून), विशेषतः ससून घराण्याकडून आल्या. पुण्याचे ससून रुग्णालय, माहीमची डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल आणि आज ‘निवारा’ म्हणून ओळखले जाणारे पुण्यातले डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह या संस्थांची दारे सर्व धर्मांच्या लोकांना उघडी होती. दोन्ही समाजांतले संबंध मात्र सरळ नव्हते. बगदादी ज्यू बेने इस्रायलांना कमी लेखत. प्रार्थना आणि दफन यांवरून वाद झाले. दानशूर माणसे सोवळी-ओवळी पाळत नाहीत असे समजण्याचे कारण नाही.

इस्रायलच्या स्थापनेनंतर समाजाचा बहुतांश भाग तिकडे गेला. २००१ च्या जनगणनेत भारतभर ज्यूंची नोंद ४,६५० इतकीच होती. त्यामुळे सेवेची गरजच बदलली. पूर्वी प्रश्न पोरक्या आणि गरीब मुलांचा होता, आता मुले परदेशी असलेल्या वृद्धांचा आहे. मुंबईत व कोकणात मागे राहिलेल्या गरजू वृद्धांना जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी ही अमेरिकी ज्यू संस्था मदत करते. मुंबईच्या एव्हलिन पीटर्स केंद्रात मुलांसाठी सणवार आणि वर्ग होतात. ओआरटी इंडिया या ज्यू शिक्षणसंस्थेने व्यवसायशिक्षण दिले. इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद येथील घरांत मलिदा होतो आणि ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तिथून निघाले.

माझगावची कदुरी आणि भायखळ्याची जेकब ससून या शाळा चालू राहिल्या, पण त्यांच्या वर्गांत आज ज्यू मुले जवळजवळ नाहीत. आसपासच्या मोहल्ल्यांतली, बहुतेक मुस्लिम कुटुंबांतली मुले तिथे शिकतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे समाजाला स्वतःच्या शैक्षणिक संस्था चालवण्यासाठी अल्पसंख्याकांच्या सवलती मिळू शकतात.