वेबसाइटवर माणसांचे फोटो टाकण्याआधी: संमती कोणाची, कशी आणि कोणत्या कागदांवर

हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू असताना मी एका मावशींचा फोटो काढला होता. टोपलीत सुरमई, मागे होड्या, मावशी हसत होत्या. तो फोटो मी एका होमस्टेच्या वेबसाइटवर लावला. काही महिन्यांनी कुणीतरी तो तिथून उचलून मासळीच्या जाहिरातीत वापरला आणि मावशींच्या मुलीने तो मुंबईत पाहिला. मावशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "फोटो काढताना हसले मी, खरं. पण तो असा सगळ्यांना दाखवशील, हे कुठं सांगितलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो काढू देणं वेगळं आणि तो धंद्यासाठी वापरू देणं वेगळं. दापोली-गुहागर भागात ज्यांच्या वेबसाइट मी करतो, त्यांना आता सगळ्यात आधी हेच सांगतो.

बरेच जण विचारतात, यासाठी अर्ज कुठे करायचा? तहसीलमध्ये, ग्रामपंचायतीत? कुठेही नाही. सरकारी नमुना नाही, फी नाही. परवानगी ज्याचा चेहरा आहे त्याच्याकडूनच घ्यायची आणि तिचा पुरावा आपण जपायचा. संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने वापरणाऱ्यावर टाकली आहे.

तो कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023. ओळखू येणाऱ्या माणसाचा डिजिटल फोटो हा त्याचा वैयक्तिक डेटा आहे. जुना छापील फोटो स्कॅन केला तरी तो यात येतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीबाबतच्या मुख्य तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. तोवर मोकळीक आहे असं मात्र समजू नका. एखाद्याचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणं हा खासगीपणाचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्येच म्हटलं होतं, आणि 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका महिलेची याचिका आली. स्थानिक फोटोग्राफरने काढलेला तिचा फोटो फोटो विकणाऱ्या एका वेबसाइटवर गेला आणि तिथून वेगवेगळ्या राज्यांच्या सरकारी जाहिरातींत झळकला. न्यायालयाने केंद्रासह संबंधित राज्यांना नोटिसा काढल्या. मला ही बातमी वाचताना हर्णैच्या मावशीच आठवल्या.

संमती कोण देऊ शकतं? 18 वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती, स्वतःची स्वतः. नवऱ्याने बायकोची किंवा सासऱ्याने सुनेची द्यायची नाही. 18 खालच्या मुलांसाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची संमती लागते, आणि ती पडताळता येण्याजोगी हवी. पाहुण्यांसोबत आलेल्या मावसभावंडांच्या घोळक्याचा किनाऱ्यावरचा फोटो लावायचा असेल, तर प्रत्येक मुलाच्या पालकाची सही घ्या. शाळेची सहल असेल तर शिक्षकांनी हो म्हणून भागत नाही.

आता संमतीपत्राबद्दल. साधा कागद चालतो. या कायद्यासाठी मुद्रांक किंवा नोटरीची गरज नाही. फोटोसाठी पैसे देऊन करार करणार असाल, तर तेवढ्यापुरतं वकिलाला विचारा. मी वापरतो तो मजकूर असा:

"दिनांक ____ रोजी ____ येथे काढलेला, या कागदावर छापलेला माझा फोटो ____ या होमस्टेच्या वेबसाइटवर आणि त्यांच्या फेसबुक व इन्स्टाग्राम पानांवर, व्यवसायाच्या प्रसिद्धीसाठी, दिनांक ____ पर्यंत वापरण्यास मी राजीखुशीने संमती देत आहे. ही संमती मला केव्हाही मागे घेता येईल. त्यासाठी ____ या क्रमांकावर व्हॉट्सॅपवर कळवलं तरी पुरेल. तक्रारीची दखल घेतली गेली नाही तर डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येतं, हे मला सांगण्यात आलं आहे."

खाली सही आणि तारीख. फोटोची छोटी प्रत त्याच कागदावर छापणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण "कोणता फोटो?" हा वाद तिथेच मिटतो. लिहिता-वाचता येत नसेल तर मजकूर मोठ्याने वाचून दाखवा, अंगठा घ्या, आणि वाचून दाखवणाऱ्याची व एका साक्षीदाराची सही घ्या. आधारची झेरॉक्स मागू नका. फोटोच्या संमतीसाठी ती लागत नाही, आणि घेतलीत की ती सांभाळण्याची वेगळी जबाबदारी अंगावर येते.

व्हॉट्सॅपवर फोटो पाठवून, कुठे वापरणार ते लिहून "हो, चालेल" असं उत्तर मिळवलं तरी ती स्पष्ट संमती ठरू शकते. फक्त ते संभाषण पुसू नका. नुसतं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, आणि "इथे राहणाऱ्यांचे फोटो वापरले जातील" अशी दारावरची पाटीही नव्हे. चेक-इनच्या फॉर्ममध्ये बारीक अक्षरात घातलेली ओळसुद्धा बाद समजा. खोलीसाठी माहिती देणं आणि जाहिरातीसाठी चेहरा देणं यांची सांगड घालता येत नाही. फोटोला नकार दिला तरी खोली मिळायलाच हवी.

मालवण-तारकर्लीच्या स्कूबावाल्यांना हे कळकळीने सांगावंसं वाटतं. पाण्याखालचे फोटो-व्हिडिओ पाहुणे स्वतःच्या आठवणीसाठी काढून घेतात. जीव धोक्यात घालत असल्याच्या कागदावर बोटीत चढताना घाईत केलेली सही फोटोच्या वापराला लागू होत नाही. ओल्या कपड्यातल्या बाईचा फोटो पहिल्या पानावर लावण्याआधी तिला तो दाखवा, मग विचारा.

रत्नागिरी, देवगडकडे आंब्याच्या बागेत राखणीला आणि पेट्या भरायला नेपाळी कामगार असतात. त्यांचे फोटो बागायतदारांच्या वेबसाइटवर सर्रास दिसतात. संमती मागताना फोटो कशासाठी वापरणार, ती मागे कशी घ्यायची आणि तक्रार कुठे करायची हे सांगणारी सूचना द्यावी लागते. ही सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 पैकी कोणत्याही भाषेत मिळण्याचा हक्क समोरच्याला आहे, आणि त्या यादीत मराठी व कोकणीबरोबर नेपाळीही आहे. नेपाळीतला एक कागद करून घेणं अवघड नाही. कामावर ठेवलंय म्हणून चेहरा वापरायचा हक्क मिळत नाही. हो म्हणण्यावर मजुरी अवलंबून असेल तर ती संमती मोकळी उरत नाही.

पाहुण्याने इन्स्टाग्रामवर स्वतःच सगळ्यांसाठी टाकलेला फोटो? स्वतःहून जाहीर केलेल्या डेटाला हा कायदा लागू नाही, पण चेहऱ्यावरचा हक्क आणि फोटो काढणाऱ्याचा कॉपीराइट दोन्ही शाबूत राहतात. म्हणून विचाराच. कॉपीराइटचा कागदही वेगळा हवा. पैसे देऊन फोटो काढून घेतलात आणि दुसरा काही करार नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मालकी तुमची. मित्राने हौसेने काढून दिला असेल तर मालकी त्याची. ती त्याच्या सहीच्या लेखी कागदानेच तुमच्याकडे येते. त्या कागदात मुदत लिहा, नाहीतर ती 5 वर्षं धरली जाते.

शिमग्याच्या पालखीच्या लांबून घेतलेल्या फोटोत चेहरे ओळखू येत नसतील तर काळजी नाही. एकाच माणसाचा जवळून घेतलेला चेहरा असेल तर त्याला विचारा. मानकऱ्यांच्याही कानावर घाला. हे कायद्यात नाही, पण गावात राहायचं असेल तर हवंच.

"फोटो काढून टाका" असा निरोप आला की कारण विचारत बसू नका. संमती देणं जितकं सोपं होतं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं कायदा सांगतो. नुसतं पान लपवून चालत नाही. फोटोची मूळ फाइल वेबसाइटच्या साठ्यात राहते आणि थेट दुव्याने उघडते, म्हणून तीही पुसा. गुगलवरचं व्यवसायाचं पान आणि बुकिंगच्या साइट्सही तपासा. आधी वाटून झालेली छापील पत्रकं परत गोळा करावी लागत नाहीत, कारण संमती असतानाचा वापर वैधच राहतो.

तुमचाच फोटो कुणी वापरला असेल तर आधी त्या व्यवसायाकडे लेखी तक्रार करा. आधी ती पायरी झाल्याशिवाय मंडळाकडे जाता येत नाही. मंडळाने केलेला दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. नुकसानभरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयाची वाट आहे.

जुन्या फोटोंचं काय? पूर्वी घेतलेली संमती चालते, मात्र कायदा लागू झाल्यावर त्या लोकांना नवी सूचना शक्य तितक्या लवकर पोचवावी लागेल. मी माझ्या गिऱ्हाइकांबरोबर एक वही केली आहे: फोटो, माणूस, संमतीची तारीख, मुदत. ज्या फोटोसमोर काहीच लिहिता येत नाही, तो आम्ही वेबसाइटवरून उतरवतो आणि त्या माणसाला गाठून विचारतो. हर्णैच्या मावशींचं नाव त्या वहीत पहिलं आहे. त्यांनी नाही म्हटलं, आणि तिथे आता नुसत्या होड्यांचा फोटो आहे.