जीवसृष्टीतील महासंक्रमणे : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

मालवणी मसाल्यात पडणारे दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन होय, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले, तेव्हा दगडफुलांच्या अनेक नामवंत अभ्यासकांनीच त्यांना कडाडून विरोध केला. जीवसृष्टीतील मोठ्या स्थित्यंतरांची उकल कशी करावी, या आजच्या चर्चेचे एक मूळ त्या वादात आहे. १९०५ मध्ये रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्तांतिन मेरेश्कोव्स्की यांनी एक पाऊल पुढे टाकले आणि वनस्पतिपेशींतील हरितलवके (प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणारे हिरवे घटक) हे एके काळचे स्वतंत्र सूक्ष्मजीव असल्याचे प्रतिपादन केले. पुराव्याअभावी ही कल्पना मागे पडली. पुढे १९६० च्या दशकात हरितलवके आणि तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, मायटोकॉन्ड्रिया) यांच्यात स्वतःचा डीएनए असल्याचे दिसून आले आणि १९६७ मध्ये जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी ही कल्पना नव्याने उभी केली.

मात्र, कोण कोणात सामावले हे कळल्याने ते का टिकले, याचे उत्तर मिळत नाही, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. उत्क्रांतीचे अभ्यासक जॉन मेनार्ड स्मिथ आणि एओर्श सात्मारी यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात गुणसूत्रे, केंद्रकयुक्त पेशी, बहुपेशीय शरीरे आणि मुंग्या-मधमाश्यांचे समाज यांचा उदय ही मोठी स्थित्यंतरे, म्हणजेच महासंक्रमणे, मानून त्यांना एका सूत्रात गुंफले : पूर्वी स्वतंत्रपणे प्रजनन करू शकणारे घटक संक्रमणानंतर केवळ मोठ्या घटकाचा भाग म्हणूनच प्रजनन करू शकतात. नैसर्गिक निवडीला भविष्य दिसत नाही. त्यामुळे पुढे होणारा लाभ हे संक्रमणाचे कारण ठरत नाही, आणि सहकार्याचा फायदा उपटून स्वतःचीच संख्या वाढवणाऱ्या घटकाला आवर कसा बसला, हे प्रत्येक टप्प्यावर वेगळे दाखवावे लागते. शरीराच्या बाबतीत विल्यम हॅमिल्टन यांचा १९६४ चा आप्तनिवडीचा सिद्धांत (समान जनुके असलेल्या आप्तांना मदत करण्याची वृत्ती निवडीत टिकते, हा विचार) उपयोगी पडतो, कारण एकाच फलित पेशीपासून झालेल्या पेशींचे जनुकीय हितसंबंध जवळपास एकच असतात. कर्करोगात ही शिस्त मोडते. तंतुकणिकांची गोष्ट निराळी आहे. त्यांची बहुतेक जनुके केंद्रकात गेली किंवा नष्ट झाली, आणि मानवी तंतुकणिकेच्या डीएनएत आज केवळ ३७ जनुके उरली आहेत. तिला पेशीबाहेर पुन्हा संसार थाटता येणार नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यातील प्रवाळांच्या ऊतींतही शैवाल राहते, आपल्या अन्नातील मोठा वाटा प्रवाळाला देते आणि आसरा मिळवते. पण पाणी फार तापले की ही जोडी फुटते व प्रवाळ पांढरे पडते. शिवाय प्रवाळांच्या अनेक जातींची पिल्ले शैवालाविना जन्मतात आणि ते समुद्रातून नव्याने मिळवतात. दोघांची वंशवृद्धी अजून एकमेकांना जखडलेली नसल्याने, मेनार्ड स्मिथ व सात्मारी यांची कसोटी लावल्यास या सहजीवनाला महासंक्रमण म्हणता येत नाही.