मुलाचा वकील नेमका कोणाचा?

१९७७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका खटल्याचा निकाल दिला. फॉस्टर घरात, म्हणजे काही काळापुरते सांभाळणाऱ्या परक्या कुटुंबात, राहणारे मूल सरकारी यंत्रणेने तिथून उचलून दुसरीकडे न्यायचे ठरवले, तर आधी त्या घरच्यांचे म्हणणे रीतसर ऐकायला हवे की नाही, असा वाद होता. खटल्याच्या मुळाशी एक बाई होती. तिने दोन मुलांना चार वर्षे सांभाळले होते आणि तिचा संधिवात वाढला म्हणून संस्था त्यांना न्यायला निघाली होती. फॉस्टर पालकांच्या वकील मार्सिया लॉरी यांचे म्हणणे असे, की आपण मुलांचीही बाजू मांडतो आहोत. खालच्या न्यायालयाने ते धरून चालायचे नाकारले. हितसंबंधांची गल्लत नको, म्हणून मुलांसाठी हेलन बुटेनवायझर या वेगळ्या वकील नेमल्या. त्यांनी मुलांच्या वतीने काय सांगावे? आहे ती पद्धत पुरेशी आहे आणि त्या घरात राहण्याचा मुलांना घटनात्मक हक्क वगैरे काही नाही! जन्मदात्या आयांचे वकील आणखी निराळे. फॉस्टर घराला हक्क मिळाला तर आपले मूल परत मिळणे अवघड होईल, ही त्या आयांची धास्ती होती.

‘स्मिथ विरुद्ध ऑफर’ (‘ऑफर’ हे फॉस्टर कुटुंबांच्या संघटनेचे लघुनाव) या नावाने ओळखला जाणारा हा खटला फॉस्टर पालक हरले. त्यात मुलांच्या बाजूने बोलतो असे सांगणाऱ्या दोन वकील परस्परविरुद्ध युक्तिवाद करत होत्या, आणि दोघीही प्रामाणिक होत्या.

फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. मूल, बहुतेकदा न्यायालयाच्या हुकुमाने, आईवडिलांपासून काढून काही काळापुरते दुसऱ्या कुटुंबात, नातेवाइकांकडे किंवा संस्थेत ठेवले जाते. कायद्याने आईवडील तेच राहतात. ते सावरले तर मूल घरी जाते. नाही सावरले, तर न्यायालय त्यांचा पालकत्वाचा हक्क कायमचा संपवू शकते. अमेरिकेत आज कोणत्याही दिवशी साडेतीन लाखांच्या आसपास मुले अशी परक्या छपराखाली असतात. मारहाणीपेक्षा ‘हेळसांड’ हे कारण कितीतरी जास्त वेळा नोंदलेले असते. हेळसांड कुठे संपते आणि गरिबी कुठे सुरू होते, हे ठरवणे सोपे नाही, आणि वकिलाची खरी गरज तिथेच लागते.

फॉस्टर केअरमधल्या वकिलीच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण १८७४ पासून करतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन नावाच्या दहाएक वर्षांच्या मुलीला घरात रोज मार बसत असे. एटा व्हीलर या मिशनरी बाईंना ते कळले. पोलीस आणि धर्मादाय संस्था यांच्याकडून काही होईना, तेव्हा त्या प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या हेन्री बर्ग यांच्याकडे गेल्या. ‘मुलीला प्राणी ठरवून तिची सुटका केली’ ही गोष्ट तेव्हापासून चवीने सांगितली जाते. ती खरी नाही. बर्ग यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी बंदी-प्रत्यक्षीकरणाच्या कायद्यातले एक कलम शोधून काढले आणि त्याच्या आधारे न्यायाधीशांकडून मुलीला हजर करण्याचा हुकूम मिळवला. मारणाऱ्या बाईला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. पण या गोष्टीतला एक तपशील सहसा गाळला जातो: मेरी एलन त्या घरात आपोआप आलेली नव्हती. शहराच्या धर्मादाय खात्यानेच करारावर सही घेऊन तिला त्या कुटुंबाकडे दिले होते. तिच्या सुटकेसाठी वकील लागला, तो आधी एका सरकारी टेबलावर झालेली चूक निस्तरायला.

त्याच वर्षाच्या अखेरीला गेरी यांनी मुलांवरील क्रूरतेविरुद्धची संस्था उभी केली. इतर शहरांतही अशा संस्था निघाल्या. गरीब वस्त्यांत लोक त्यांना नुसते ‘द क्रुएल्टी’ म्हणत, म्हणजे ‘क्रूरतावाले आले’, आणि त्या म्हणण्यात आदरापेक्षा भीती जास्त असे. दुसरीकडे १८५४ पासून चार्ल्स लोरिंग ब्रेस यांची चिल्ड्रन्स एड सोसायटी शहरातली मुले आगगाडीत बसवून मध्य-पश्चिमेतल्या शेतकरी कुटुंबांकडे पाठवत होती. इतर संस्थांनी पाठवलेली धरून १९२९ पर्यंत सुमारे दोन लाख मुले अशी गेली. त्यातल्या पुष्कळांचे आई किंवा वडील हयात होते. त्यांच्या वतीने कुठे कोणी वकील उभा राहिल्याचे सहसा दिसत नाही. उभा राहायला न्यायालयच नव्हते.

न्यायालय आले १८९९ मध्ये, शिकागोत. देशातले हे पहिले बालन्यायालय. त्यामागचा विचार चांगला होता, आणि घोटाळाही त्या चांगुलपणातच होता. राज्य हेच मुलाचे अंतिम पालक आणि न्यायाधीश म्हणजे समजूतदार वडील, असे मानले गेले. वडील मुलाशी बोलतात तेव्हा मध्ये वकील कशाला? त्यामुळे साक्षीपुराव्याचे नियम ढिले, कार्यवाहीची नोंद जुजबी आणि वकिलाची गरज शून्य. १९०९ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बोलावलेल्या व्हाइट हाउस परिषदेने केवळ गरिबीपोटी मूल घरातून काढू नये, असा ठराव केला. कागदावर तो उत्तम होता. पण हे मूल केवळ गरिबीपोटीच काढले आहे, हे न्यायाधीशांना पटवून देणारा माणूस त्या खोलीत नव्हता.

समजूतदार वडिलांची ही कल्पना १९६७ मध्ये कोसळली. ॲरिझोनातला जेरल्ड गॉल्ट हा १५ वर्षांचा मुलगा. शेजारणीला फोनवर अश्लील बोलल्याचा आरोप. मोठ्या माणसाला यासाठी फार तर ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती. गॉल्टला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झाला. वकील नाही, आणि तक्रारदार बाई न्यायालयात आलीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलालाही वकिलाचा हक्क आहे.

पण फक्त आरोप असलेल्या मुलाला. ज्याने काहीच केलेले नाही, ज्याच्या बाबतीत मोठ्यांनी काहीतरी केले किंवा करायचे सोडले, ते मूल या निकालाच्या बाहेर राहिले. न्यूयॉर्क त्याआधीच, १९६२ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने, मुलांसाठी ‘लॉ गार्डियन’, म्हणजे मुलाची बाजू पाहणारा वकील, नेमू लागले होते. तिथल्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने १९७२ मध्ये ‘एला बी.’ प्रकरणात हेळसांडीचा आरोप असलेल्या गरीब पालकालाही सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असा निकाल दिला. देशात इतरत्र मात्र ज्याची त्याची मर्जी होती.

१९६२ मध्येच डॉ. हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणांवर एक लेख प्रसिद्ध केला. वैद्यकीय लेखाने इतक्या झटपट कायदे बदलल्याची उदाहरणे थोडी असतील. पाच वर्षांत सगळ्या राज्यांनी मुलांवरच्या अत्याचाराची खबर देणे डॉक्टरांना बंधनकारक केले. खबरी वाढल्या, तपास वाढले, न्यायालयात येणारी मुले वाढली. १९७४ मध्ये सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांच्या पुढाकाराने संघराज्याचा कायदा झाला. ज्या राज्याला या कामासाठी केंद्राचा पैसा हवा, त्याने अशा प्रत्येक प्रकरणात मुलासाठी ‘गार्डियन ॲड लायटम’ नेमावा. म्हणजे त्या खटल्यापुरता मुलाचा पालक. तो वकीलच असला पाहिजे, असे कायद्याने म्हटले नाही. तेवढ्या एका न लिहिलेल्या शब्दावर पुढची ५० वर्षे वाद चालू आहे. सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना माहितीच्या अभावी अशा मुलांबद्दलचे निर्णय घेताना झोप लागेना. त्यांनी १९७७ मध्ये प्रशिक्षित स्वयंसेवकांना मुलांच्या वतीने उभे करण्याची पद्धत सुरू केली. ती देशभर पसरली. कुठे वकील, कुठे स्वयंसेवक, कुठे दोघे, असे चित्र तयार झाले. त्याच वर्षी मुलांच्या वकिलांची राष्ट्रीय संघटनाही डेन्व्हरमध्ये स्थापन झाली.

मुलाला असे कोणीतरी मिळाले. आईचे काय?

मूळ अमेरिकी जमातींच्या बाबतीत संसदेने याचे उत्तर १९७८ मध्ये दिले. त्या वेळच्या पाहण्यांनुसार या जमातींची २५ ते ३५ टक्के मुले घरापासून तोडली गेली होती. इंडियन चाइल्ड वेल्फेअर कायद्याने त्यांच्या निर्धन पालकांना सरकारी वकिलाचा हक्क दिला. (हा कायदाच घटनाबाह्य असल्याचे आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळले.) बाकीच्या आयांसाठी उत्तर आले १९८१ मध्ये, आणि ते नकारार्थी होते. नॉर्थ कॅरोलायनातली ॲबी गेल लॅसिटर खुनाच्या शिक्षेत तुरुंगात होती. तिथून तिला सुनावणीला आणले, वकिलाशिवाय. समोर काउंटीचा, म्हणजे जिल्हा प्रशासनाचा, वकील. सरकारी समाजसेविकेची उलटतपासणी तिने स्वतःच करायची होती. प्रश्न विचारायचा सोडून ती आपले म्हणणे सांगत सुटे आणि न्यायाधीश तिला थांबवत. तिचा पालकत्वाचा हक्क संपवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले, की वकिलाचा हक्क मुख्यतः तुरुंगवासाची टांगती तलवार असेल तेव्हाचा. मूल जाणार असेल, तर वकील द्यायचा की नाही हे प्रकरणागणिक ठरवावे. गंमत अशी, की त्याच निकालपत्रात नोंद आहे: ३३ राज्ये आपापल्या कायद्याने अशा पालकांना वकील देतच होती. आणि पुढच्याच वर्षी, सँटॉस्की खटल्यात, याच न्यायालयाने सांगितले की पालकत्व संपवायचे तर पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक हवा. पुराव्याची पातळी उंचावली. तो पुरावा उलटा तपासणारा माणूस मात्र हक्काचा झाला नाही.

वकील नावाला असणे आणि कामाला असणे यांतला फरक पैशात मोजता येतो. न्यूयॉर्कमध्ये पॅनेलवरच्या, म्हणजे न्यायालयाच्या यादीतून नेमलेल्या खासगी, वकिलांचा दर १९८६ मध्ये ठरला: न्यायालयात तासाला ४० डॉलर, बाहेर २५. म्हणजे मुलाला भेटायला जा, शाळेत विचारा, आईच्या केसवर्करला फोन करा, या सगळ्याला कमी पैसे. न्यायाधीशापुढे आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसा, त्याला जास्त. वकील कुठे दिसतील हे या दरपत्रकानेच ठरवले होते, आणि ते १८ वर्षे हलले नाही. २००४ मध्ये दर ७५ डॉलर झाला, मग पुन्हा थिजला. १५८ डॉलर व्हायला २०२३ उजाडले. जॉर्जियात वेगळाच हिशेब होता. फुल्टन काउंटीत एकेका वकिलाकडे चारशेहून अधिक मुले होती, तर व्यावसायिक संघटनेची शिफारस १०० ची. २००५ मध्ये ‘केनी ए.’ खटल्यात न्यायाधीश मार्विन शूब यांनी ठरवले, की अशा मुलाला प्रभावी वकील मिळणे हा जॉर्जियाच्या राज्यघटनेनुसार त्याचा हक्क आहे.

व्यवस्थेवरच सामूहिक दावे लावणारी वकिलांची एक वेगळी शाखाही होती. सुरुवातीला आलेल्या मार्सिया लॉरी त्यातल्या अग्रणी. न्यूयॉर्कच्या धर्मादाय संस्था कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट मुलांना डावलतात, म्हणून त्यांनी १९७३ मध्ये १३ वर्षांच्या शर्ली वाइल्डरच्या नावाने दावा लावला. तो इतका लांबला, की शर्लीला झालेला मुलगाही याच व्यवस्थेत येऊन वाढला. अशा दाव्यांनी नियम बदलतात, देखरेख बसते. एका विशिष्ट मुलाची पुढची तारीख त्यांनी लवकर येत नाही.

घड्याळ तर १९९७ पासूनच वेगाने चालू लागले होते. त्या वर्षीच्या संघराज्य कायद्यानुसार शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये असेल, तर काही अपवाद वगळता राज्याने पालकत्व संपवण्याची कार्यवाही सुरू करावी. उद्देश हा, की मुले वर्षानुवर्षे लटकत राहू नयेत. पण व्यसनमुक्ती केंद्राची प्रतीक्षायादी, घर मिळण्याची रांग, भेटीची रद्द झालेली वेळ हे सगळे त्याच १५ महिन्यांतून वजा होते. सुनावणीच्या पाच मिनिटे आधी कॉरिडॉरमध्ये पहिल्यांदा भेटणारा वकील यातले काय सोडवणार?

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा बदल इथे घडला, आणि त्याला कोणताही गाजलेला निकाल कारण नाही. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराने पालकांच्या बचावासाठी संस्थांशी करार केले. एका आईमागे वकील, त्याच्या जोडीला समाजसेवक, आणि शिवाय एखादी अशी बाई जिची मुले पूर्वी नेली होती आणि जिने ती परत मिळवली. घरमालकाची नोटीस, बाळाचा पाळणा, भेटीची जागा ही कामेही वकिलीचाच भाग धरली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पालकांच्या मुलांची एकट्या पॅनेल-वकिलांकडच्या प्रकरणांशी तुलना झाली. ही मुले पुढच्या चार वर्षांत सरासरी ११८ दिवस कमी फॉस्टर केअरमध्ये राहिली, आणि त्यांच्या सुरक्षिततेत फरक पडलेला आढळला नाही. आईचा वकील म्हणजे मुलाच्या विरुद्ध बाजूचा, हा समज त्यामुळे बराच ढिला झाला.

मुलाच्या वकिलाचा प्रश्न मात्र निराळ्या वाटेने गेला. १४ वर्षांची मुलगी म्हणते, मला आईकडेच जायचे आहे. वकिलाला वाटते, तिने जाऊ नये. त्याने काय बोलावे? १९९५ मध्ये फोर्डम विद्यापीठातल्या परिषदेत आणि पाठोपाठ अमेरिकन बार असोसिएशनच्या १९९६ च्या मानकांत कौल पडला, तो वकिलाने शक्यतो मुलाचे म्हणणेच मांडावे असा. न्यूयॉर्कने २००७ मध्ये तसा नियमच केला. मूल समजून-उमजून बोलत असेल, तर वकिलाला त्याची इच्छा चुकीची वाटली तरी तीच मांडायची. गंभीर इजेचा तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. इतर कित्येक राज्यांत अजूनही ‘हित’ ठरवण्याचे काम मोठ्यांकडेच आहे. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळाचे म्हणणे काय, याचे उत्तर दोन्ही पक्षांपैकी कोणाकडेही समाधानकारक नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये संघराज्याच्या चिल्ड्रन्स ब्युरोने आपल्या धोरण-पुस्तिकेतले एक उत्तर बदलले. तोवर फॉस्टर केअरच्या केंद्रीय निधीतून सरकारी यंत्रणेच्या वकिलाचा खर्च निघे, मुलाच्या किंवा आईवडिलांच्या वकिलाचा नाही. आता त्यांच्याही खर्चाचा अर्धा वाटा राज्यांना मागता येतो. ना नवा कायदा, ना निकाल, ना संसदेत भाषणे; पुस्तिकेतल्या एका प्रश्नाखालच्या काही ओळी. मागायचा की नाही, हे राज्यावर आहे. लॅसिटरचा निकाल अजून तसाच उभा आहे, त्यामुळे वकील मिळेल की नाही हे आजही आई राज्याच्या सीमेच्या कोणत्या बाजूला राहते त्यावर बरेचसे ठरते.