आयरिश कुलेतिहास आणि मोफत डिजिटल ग्रंथ

प्रताधिकाराची मुदत संपलेली छापील पुस्तके इंटरनेटवर स्कॅन रूपात मोफत वाचून आयरिश घराण्यांचा व गावांचा इतिहास शोधण्याची पद्धत. इंटरनेट आर्काइव्ह (स्थापना १९९६), गूगल बुक्स (२००४) आणि हाथीट्रस्ट (२००८) ही या कामाची मुख्य भांडारे. कुलेतिहासाचा अभ्यासक एरवी आधी हस्तलिखित नोंदवह्यांकडे जातो आणि छापील पुस्तक नंतर, पूरक म्हणून चाळतो. आयर्लंडच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा उलटा होतो, कारण तेथे मूळ दप्तर जळाले आणि त्यावरून केलेली पुस्तके मागे राहिली.

३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयीन संकुलात प्रचंड स्फोट झाला आणि तेथील सार्वजनिक अभिलेखागाराचा दप्तरखाना बेचिराख झाला. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांचे बहुतेक कागद, सोळाव्या शतकापासूनची मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिश-नोंदवह्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा परिसर, आणि वह्या तेथील बाप्तिस्मे, विवाह व दफनांच्या) त्यात गेल्या. मात्र सगळ्याच नुकसानीचे खापर या आगीवर फोडणे बरोबर नाही. १८६१ व १८७१ च्या जनगणनांची घरोघरची पत्रके सरकारनेच नष्ट केली होती आणि १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी दिली गेली. त्यामुळे अखंड उपलब्ध असलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची. ती आणि १९११ ची, दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मोफत खुल्या केल्या आहेत. कॅथलिक पॅरिशांच्या वह्या फोर कोर्ट्समध्ये ठेवलेल्याच नव्हत्या, म्हणून त्या वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांच्या प्रतिमा इंटरनेटवर आणल्या. पण पश्चिमेकडील अनेक पॅरिशांत या वह्या एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. त्याच्या मागे जायचे तर छापील पुस्तकाला पर्याय फारसा उरत नाही.

१९२२ पूर्वी कोणी काय उतरवून छापले, हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरतो. टॉमस लॅफन यांनी १९११ मध्ये टिपरेरी काउंटीच्या १६६५–६७ च्या चूलकराच्या याद्या पुस्तकरूपाने छापल्या. दर चुलीमागे दोन शिलिंग अशा या करामुळे कोणत्या गावी कोणाच्या घरात चूल पेटत होती, हे कळते. मूळ याद्या पुढे अकरा वर्षांनी जळाल्या. सर आर्थर व्हिकर्स यांनी १८९७ मध्ये छापलेली १५३६ ते १८१० मधील प्रेरोगेटिव्ह न्यायालयाच्या, म्हणजे मृत्युपत्रे मंजूर करणाऱ्या वरिष्ठ चर्च-न्यायालयाच्या, मृत्युपत्रांची सूची दिसायला अगदी रूक्ष आहे : नाव, ठिकाण, दर्जा किंवा धंदा, वर्ष. पण मृत्युपत्रे गेल्यावर कित्येक माणसांची छापील खूण म्हणून हीच एक ओळ हाती लागते. सर विल्यम बेथम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याच मृत्युपत्रांतून नातेसंबंधांची टिपणे काढून ठेवली होती. ती दुसरीकडे असल्यामुळे वाचली, आणि व्हिकर्सची सूची आता त्या टिपणांकडे जाण्याची वाट म्हणूनही वापरली जाते.

या शोधात नवखा माणूस आडनावापासून सुरुवात करतो आणि तेथेच अडकतो. १८९० च्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यांनी केलेल्या अहवालात मर्फी हे सर्वाधिक आढळणारे आडनाव ठरले. त्यामागोमाग केली, सलिव्हन, वॉल्श, स्मिथ. नुसत्या 'जॉन मर्फी'ला शोधून काही हाती लागत नाही. खरा धागा आहे टाउनलँडचा. टाउनलँड म्हणजे स्वतःचे अधिकृत नाव असलेला जमिनीचा सर्वांत लहान तुकडा. त्यात शहर असेलच असे नाही, उलट बहुतेक ठिकाणी काही शेते आणि चार-दोन घरेच असतात. देशात असे साठ हजारांहून अधिक तुकडे आहेत. अनेक टाउनलँड मिळून सिव्हिल पॅरिश (चर्चचा नव्हे, सरकारी कारभाराचा विभाग), पॅरिशांवर बॅरनी, त्यावर काउंटी अशी उतरंड आहे. शिवाय गरिबांच्या मदतीसाठी आखलेले पुअर लॉ युनियन या उतरंडीला छेदून जाते. १८५१ च्या जनगणनेवरून तयार होऊन १८६१ मध्ये छापलेली टाउनलँडची सरकारी वर्णानुक्रमी सूची प्रत्येक टाउनलँडची ही सारी वंशावळ, क्षेत्रफळ आणि ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याच्या नकाशाचा क्रमांक एका ओळीत देते.

टाउनलँडचे नाव मुळात मिळवायचे कोठून, हा देशांतर केलेल्यांच्या वंशजांचा पहिला प्रश्न असतो. अमेरिकेतील जुन्या थडग्यांवर ते कधीकधी कोरलेले असते. बॉस्टनच्या 'पायलट' या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या आप्तांच्या शोधार्थ हजारो जाहिराती छापून आल्या. अमुक पॅरिशचा, अमुक साली जहाजातून उतरलेला भाऊ कोठे आहे, असा त्यांचा मजकूर असे.

टाउनलँड हाती आले की रिचर्ड ग्रिफिथ यांचे मूल्यांकन उघडावे. १८४७ ते १८६४ या काळात काउंटीवार छापलेल्या या खंडांत प्रत्येक टाउनलँडमध्ये जमीन किंवा घर कोणाच्या ताब्यात, ते कोणाकडून घेतलेले, क्षेत्र किती आणि कराची आकारणी किती, हे लिहिलेले असते. एकाच वस्तीत एकाच नावाचे दोघे असले तर वेगळे ओळखू यावेत म्हणून नावापुढे कंसात वडिलांचे नाव किंवा टोपणनाव दिलेले असते. कुलेतिहासकाराला याहून मोठी देणगी नाही. मराठीत 'कूळ' या शब्दाला घराणे आणि दुसऱ्याची जमीन कसणारा असे दोन अर्थ आहेत. ग्रिफिथच्या पानावर ते दोन्ही खरोखरच एकत्र भेटतात. एक सावधगिरी हवी : हे काम १८४५ च्या बटाट्याच्या रोगातून ओढवलेल्या महादुष्काळाच्या काळात आणि त्यानंतर झाले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांची नावे येथे नसणार. त्यासाठी १८२३ ते १८३७ च्या टाइद अप्लॉटमेंट वह्या, म्हणजे शेतजमिनीवरील चर्चकराच्या आकारणीच्या वह्या, पाहाव्या लागतात. त्या हस्तलिखित असल्या तरी त्यांच्याही प्रतिमा मोफत आहेत.

सॅम्युएल लुइस यांचा १८३७ चा दोन खंडांतील स्थलवर्णनकोश बहुतेक जण गावाचे वर्णन वाचण्यासाठी उघडतात आणि त्यातील सर्वांत उपयोगी वाक्य सोडून देतात. प्रत्येक पॅरिशच्या नोंदीत, साधारण शेवटाकडे, कॅथलिक विभागणीत ही पॅरिश कोणत्या 'युनियन'मध्ये (पुअर लॉ युनियन नव्हे, तर कॅथलिक चर्चने एकत्र धरलेल्या पॅरिशांच्या गटात) मोडते ते सांगितलेले असते. सिव्हिल पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश यांच्या हद्दी आणि नावे जुळत नाहीत, त्यामुळे बाप्तिस्म्याची योग्य वही निवडायला हे एक वाक्य पुरते. त्याच नोंदीत आसपासच्या वाड्यांची व त्यांच्या मालकांची नावे असतात. जमीनदार कळला की त्याच्या इस्टेटीचे कागद शोधता येतात.

स्कॅनमधला मजकूर यंत्राने वाचलेला असतो, आणि यंत्राच्या चुका ओळखीच्या होईपर्यंत शोध फसतो. रोमन लिपीतील 'आर' आणि 'एन' एकत्र येऊन 'एम' होतात, 'सी'चा 'ई' होतो. जुने मुद्रक 'मॅक' हा उपसर्ग 'एम' आणि उलट्या स्वल्पविरामाने छापत, म्हणून आजच्या स्पेलिंगने मॅकार्थी शोधला तर तो पुस्तकात असूनही सापडत नाही. आडनावांपुढील 'ओ' एकोणिसाव्या शतकात सर्रास गळालेला असतो. कॅव्हन काउंटीतील मॅक गोवन इंग्रजीत अर्थानुवाद होऊन स्मिथ झाले, कारण मूळ शब्दाचा अर्थच लोहार. गेलिक वळणाच्या टाइपातील मजकुरापुढे तर यंत्र बहुधा हात टेकते. तेथे पाने स्वतः उलटावी लागतात. स्थळांची नावेही बदलली आहेत : आजचे लीश व ऑफली जुन्या पुस्तकांत अनुक्रमे क्वीन्स काउंटी व किंग्स काउंटी असतात, कोव्ह हे क्वीन्सटाउन आणि पोर्टलीश हे मेरीबरो. एखाद्या प्रतीत घडीचे नकाशे न उलगडताच स्कॅन झालेले असतात किंवा पाने गळालेली असतात. अशा वेळी त्याच पुस्तकाची दुसऱ्या ग्रंथालयाची प्रत पाहावी.

कोणते पुस्तक कोठे दिसते हे वाचकाच्या देशावरही ठरते. आयर्लंडमध्ये प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे चालतो, भारतात साठ. अमेरिकेत जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनापासून पंचाण्णव वर्षे मोजतात. म्हणून एकच खंड अमेरिकेत पूर्ण उघडतो आणि अन्यत्र त्याच्या दोन ओळीच दिसतात.

मोफत मिळते ते सारेच विश्वसनीय नसते. जॉन ओहार्ट यांच्या १८७६ पासून वाढत गेलेल्या वंशावळी या क्षेत्रात सर्वांत सहज सापडतात आणि सर्वांत जास्त दिशाभूल करतात. त्यांत घराणी थेट आदमापर्यंत नेऊन भिडवली आहेत. सतराव्या-अठराव्या शतकाच्या नोंदींसाठी त्या चाळायला हरकत नाही, पण दुसऱ्या पुराव्याशिवाय त्यातले काही उचलू नये. पी. डब्ल्यू. जॉइस यांचे स्थलनामांवरील ग्रंथ (पहिला खंड १८६९) वाचायला अतिशय रसाळ आहेत, पण एखाद्या नावाची व्युत्पत्ती ठरवताना ती आज लोगेनिम या सरकारी स्थलनामकोशाशी ताडून घ्यावी. त्या मानाने स्थानिक इतिहासमंडळांची नियतकालिके, उदाहरणार्थ १८९२ पासूनचे कॉर्कच्या मंडळाचे, किंवा १८८८ मध्ये सुरू झालेले थडग्यांवरील लेख जमवणाऱ्या संस्थेचे नियतकालिक, कमी वाचली जातात. त्यांत नोंदवलेले कित्येक दगड आता झिजून गेले आहेत.

अभिलेखागाराचे अधिकारी हर्बर्ट वुड यांनी १९१९ मध्ये तेथे काय काय ठेवले आहे याची मार्गदर्शिका छापली होती. तीन वर्षांनी तीत वर्णिलेले बहुतेक सारे नाहीसे झाले. आगीच्या शताब्दीला, जून २०२२ मध्ये, जळालेल्या अभिलेखागाराची आभासी पुनर्रचना इंटरनेटवर खुली झाली. जगभरच्या संग्रहांतून मिळालेल्या नकला तिच्यात कोणत्या फळीवर ठेवायच्या, हे वुडच्या पुस्तकावरून ठरवले गेले.