कीटकनाशकांची मात्रा व संपर्क

किडीसाठी वापरलेल्या विषाचे प्रमाण म्हणजे मात्रा. त्यातले जे माणसाच्या त्वचेवर, श्वासात वा पोटात पोहोचते तो संपर्क. कोल्हापूर भागात ‘औषध मारणे’ असेच म्हणतात. त्यात विषपण झाकले जाते.

मात्रेनेच विष ठरते, या तत्त्वाचे श्रेय स्विस वैद्य पॅरासेल्सस (१४९३–१५४१) याला देतात. त्याच्या नावावरचे सुटसुटीत लॅटिन वचन मात्र त्याच्या १५३८ च्या सुमाराच्या जर्मन विधानाचा उत्तरकालीन संक्षेप असावा. तीक्ष्ण विषही योग्य योजनेने उत्तम औषध होते, असे चरकसंहितेत आहे. त्यावरून अग्रमान भारताकडे देण्याचा मोह होतो. तथापि संहितेच्या आजच्या पाठाचा काळ वादग्रस्त आहे, आणि तेथील ‘योग’ (योजना) या शब्दाची व्याप्ती मात्रेहून मोठी आहे. त्यामुळे दोन्ही विधाने एकच मानणे सयुक्तिक वाटत नाही. मोजमाप अर्वाचीन आहे. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात ती एलडी-५०, ही संकल्पना ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली. आकडा जितका लहान, तितके विष जहाल.

कीटकनाशक अधिनियम, १९६८ व त्याखालील १९७१ चे नियम यांनुसार डब्यावरील चौकोनात खालच्या त्रिकोणाला रंग असतो. तोंडावाटे एलडी-५० दर किलो वजनामागे ५० मिग्रॅ.पर्यंत असल्यास लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा व त्यापुढे हिरवा. हा रंग तत्काळ विषबाधेपुरताच बोलतो. वर्षानुवर्षांच्या थोड्या थोड्या संपर्काबद्दल त्यावरून काही कळत नाही.

पंचगंगाकाठच्या उसात हुमणीसाठी (मुळे कुरतडणाऱ्या अळीसाठी) आळवणी करतात, म्हणजे द्रावण मुळांशी ओततात. २० टक्के तीव्रतेचे द्रावण लिटरला २ मिली घेतले, तर तयार मिश्रणात क्रियाशील घटक सुमारे ०.०४ टक्के उतरतो. १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. शिफारस मुळात हेक्टरी असते. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागते, तेव्हा पंपामागचे प्रमाण तेच ठेवल्यास हेक्टरी मात्रा घटते. टोपणाने मोजण्यात आणखी एक फेर पडतो, कारण सर्व टोपणे सारखी नसतात.

फवारणाऱ्याला बाधा बहुधा त्वचेतून होते. पातळ फवाऱ्यापेक्षा मूळ द्रावण ओतताना अंगावर उडालेले थेंब अधिक घातक. बेणेप्रक्रियेत टिपऱ्या (लागणीचे उसाचे तुकडे) उघड्या हातांनी द्रावणात बुडवल्या, तर हातही तितकाच वेळ त्यात राहतो. उंच उसात फवारा डोक्यावरून खाली येतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके कोलिनएस्टरेज हे शरीरातील विकर (एन्झाइम) निकामी करतात. घाम, लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या ही त्याची लक्षणे. उपचारात ॲट्रोपिन हे औषध देतात.